सेन्सर लावला, पुढे काय?

पूल कोसळला की आपल्याकडे दोन घोषणा ठरलेल्या असतात. पहिली चौकशी समितीची. दुसरी अलीकडे रुळली आहे, ती म्हणजे राज्यातल्या पुलांवर सेन्सर बसवण्याची. दुसरी ऐकायला बरी वाटते, कारण तिच्यात माणसाच्या हलगर्जीपणाला जागाच नाही असा भास होतो. यंत्र रात्रंदिवस पाहत बसेल, पुलाला काही झालं की सांगेल, आपण वाहतूक बंद करू. या चित्रातला पहिलाच टप्पा चुकीचा आहे. पुलावर बसवलेला सेन्सर नुकसान मोजत नाही, ते मोजणारा सेन्सर अजून कोणी बनवलेला नाही. तो मोजतो स्ट्रेन, म्हणजे पोलाद किंवा काँक्रीट त्या एका जागी किती ताणलं वा दाबलं गेलं तेवढंच. त्या आकड्यावरून ‘पुलाला इजा झाली आहे’ असं म्हणणं हा निष्कर्ष असतो. तो काढायला दोन गोष्टी लागतात: पूल धडधाकट असतानाच्या नोंदी आणि त्या नोंदींशी आजची तुलना करण्याची संख्याशास्त्रीय शिस्त. सेन्सर पैसे टाकून उद्या आणता येतो, पण कालच्या नोंदी उद्या आणता येत नाहीत. पुलांच्या देखरेखीवर आपण जे बोलतो आणि जे खर्च करतो, त्यात हा दुसरा भाग जवळपास नसतोच, ही माझी तक्रार आहे.

स्ट्रेन म्हणजे लांबीतला बदल भागिले मूळ लांबी. एक किलोमीटर लांबीची सळई एक मिलिमीटरने वाढली तर तो एक मायक्रोस्ट्रेन. ताणलेल्या तारेचा विद्युतरोध बदलतो हे लॉर्ड केल्विन यांनी १८५६ मध्येच दाखवलं होतं, पण त्याचा चिकटवता येण्याजोगा गेज व्हायला १९३८ उजाडलं. त्या वर्षी अमेरिकेत एडवर्ड सिमन्स आणि आर्थर रूज या दोघांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे तो तयार केला. आजचा गेज म्हणजे नखाएवढ्या प्लास्टिकच्या पापुद्र्यावर नागमोडी काढलेली धातूची पातळ जाळी. तो लावायचं काम पाहिलं तर यात हातकौशल्य किती आहे ते कळतं. गर्डरवरचा रंग आणि गंज घासून चकचकीत धातू उघडा करायचा, बारीक पॉलिश पेपर फिरवायचा, अ‍ॅसिटोनने पुसायचं आणि पुसलेल्या जागेला पुन्हा बोट लावायचं नाही. मग फेव्हिक्विकच्या जातीचा गोंद लावून अंगठ्याने मिनिटभर दाबून धरायचं, तारा डाखायच्या आणि वरून ओल शिरू नये म्हणून लेप द्यायचा. १२० ओहमच्या साध्या गेजमध्ये एका मायक्रोस्ट्रेनने रोध बदलतो तो सुमारे ०.०००२४ ओहमने. एवढा बारीक फरक व्हीटस्टन ब्रिज या मंडलाने पकडता येतो, पण लेपाखाली ओल शिरली की तेवढाच फरक विनाकारणही दिसू लागतो. कोकणातल्या पावसात चार महिने उभ्या असलेल्या पुलावर हे काय होतं ते वेगळं सांगायला नको. म्हणून दीर्घकाळच्या देखरेखीसाठी काँक्रीटमध्ये कंपन-तारेचे गेज घालतात किंवा प्रकाशतंतू वापरतात. प्रकाशतंतूत कोरलेली सूक्ष्म जाळी ताणली गेली की तिच्यावरून परतणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी किंचित सरकते, आणि त्या सरकण्यावरून स्ट्रेन कळतो. ओलीचा प्रश्न सुटला, पण खरा प्रश्न तिथेच राहिला.

तो प्रश्न असा. भरलेला ट्रक गेला की पोलादी गर्डरच्या तळाशी साधारणपणे काही दहा मायक्रोस्ट्रेनची भर पडते. पोलाद मात्र तापमानाच्या एका अंशाला सुमारे १२ मायक्रोस्ट्रेनने प्रसरण पावतं. पहाटेपासून दुपारपर्यंत गर्डर १५ अंशांनी तापला तर १८० मायक्रोस्ट्रेन झाले. शंभर मीटरच्या गर्डरच्या टोकाला हे १८ मिलिमीटर भरतात, एक्सपान्शन जॉइंट ठेवतात ते त्यासाठीच. मोकळं प्रसरण आपोआप वजा करणारे गेज मिळतात हे खरं. पण पूल पूर्ण मोकळा कधीच नसतो. वरचा स्लॅब उन्हात आणि खालचा भाग सावलीत, एक बाजू पश्चिमेची, गर्डर ज्यावर टेकून सरकतो ते बेअरिंग थोडं अडलेलं. यातून खरेखुरे ताण तयार होतात आणि ते गेजमध्ये उमटतात. म्हणजे पुलावरून जाणारं सगळ्यात मोठं ओझं रोज सूर्याचं असतं, आणि ज्या बारीक बदलाच्या शोधात आपण आहोत तो त्याच्या पोटात लपलेला असतो.

दुसरी अडचण जागेची. पोलादात भेग पडली की ताण तिला वळसा घालून जातो. भेगेच्या टोकापाशी स्ट्रेन प्रचंड वाढतो, पण भेगेच्या अगदी बाजूला तो उलट कमी होतो, आणि थोडं दूर गेलं की काही घडल्याची खूणही राहत नाही. गेज काही मिलिमीटरचा, पूल काही शे मीटरचा. गेज चुकीच्या जागी असेल तर तो अतिशय अचूकपणे निरुपयोगी माहिती देत राहतो. मिनियापोलिसच्या पुलाची गोष्ट यासाठी प्रत्येक अभियंत्याने पाठ करायला हवी. मिसिसिपी नदीवरचा १९६७ चा हा पोलादी ट्रस पूल १ ऑगस्ट २००७ ला संध्याकाळच्या गर्दीत कोसळला आणि १३ माणसं गेली. या पुलावर स्ट्रेन गेज लागून गेले होते. मिनेसोटा विद्यापीठाच्या संशोधकांनी ट्रसच्या दांड्यांवर गेज लावून, माहीत असलेल्या वजनाचे ट्रक पुलावरून नेऊन मोजणी केली होती. २००१ च्या त्यांच्या अहवालात निष्कर्ष होता की दांड्यांमधले ताण इतके कमी आहेत की थकव्याच्या भेगांची चिंता नको. मोजणी बरोबर होती आणि निष्कर्षही. पूल पडला तो दांडे जोडणाऱ्या गसेट प्लेटमुळे. मूळ आराखड्यातच काही प्लेटा हव्या त्याच्या निम्म्या जाडीच्या, अर्ध्या इंचाच्या, ठरल्या होत्या. चाळीस वर्षांत पुलावर वजन वाढत गेलं आणि त्या दिवशी दुरुस्तीच्या सामानाचे ढीग नेमके त्या भागावर होते. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने चौकशीत २००३ चे फोटो पुढे आणले, त्यांत त्या प्लेटा वाकलेल्या दिसतात. सेन्सरला जो प्रश्न विचारला होता त्याचं उत्तर त्याने दिलं. न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर फोटोत होतं, आणि ते वाचायचं कोणाला सुचलं नाही.

मग एका जागेऐवजी संपूर्ण पुलाचंच काहीतरी मोजावं, असा विचार संशोधकांनी केला. प्रत्येक पुलाला स्वतःची अशी कंपनं असतात. पूल कमजोर झाला की तो सैल होणार आणि कंपनांची वारंवारता उतरणार. तर्क बिनचूक आहे. १९९३ मध्ये न्यू मेक्सिको राज्यात, आल्बुकर्कजवळ रिओ ग्रांदे नदीवरचा एक पूल पाडायचा होता, म्हणून लॉस अलामोस प्रयोगशाळेच्या लोकांनी त्याच्या मुख्य गर्डरला चार टप्प्यांत मुद्दाम काप दिले. पहिली वारंवारता सेकंदाला २.४८ कंपनांची होती. पहिल्या कापानंतर ती २.५२ झाली, म्हणजे कमी व्हायच्या जागी किंचित वाढलीच. शेवटच्या कापात गर्डरची तळपट्टी पूर्ण तुटली तेव्हा कुठे ती २.३० वर आली, म्हणजे सात-एक टक्के घट. त्याच राज्यातल्या दुसऱ्या एका पुलावर, काहीही न तोडता, नुसत्या एका दिवसाच्या उन्हा-गारव्याने वारंवारता सुमारे पाच टक्क्यांनी हललेली मोजली गेली आहे. गर्डर तुटल्याचा परिणाम आणि दुपारचं ऊन यांत एवढंच अंतर उरलं!

स्वित्झर्लंडमधल्या झेड-२४ पुलाने हे आणखी स्पष्ट केलं. बर्न-झुरिक महामार्गावरून जाणारा हा लहानसा प्रीस्ट्रेस्ड काँक्रीटचा पूल नव्या रेल्वेमार्गासाठी पाडायचा होता. पाडण्याआधी १९९७ च्या नोव्हेंबरपासून जवळजवळ वर्षभर त्याची कंपनं, तापमान, वारा, आर्द्रता सगळं टिपलं गेलं. मग १९९८ च्या उन्हाळ्यात त्याला पायरीपायरीने इजा केली: एक खांब ९५ मिलिमीटरपर्यंत खाली बसवला, काँक्रीट फोडलं, आतल्या ताणलेल्या तारा कापल्या. हवामानामुळे वर्षभरात वारंवारतेत दहा टक्क्यांहून जास्त फरक पडला होता. थंडीत शून्य अंशाखाली डांबर कडक होई आणि पूल अचानक ‘तरुण’ झाल्यासारखा वागे. नुसता आकडा पाहणाऱ्याला हिवाळ्यात पूल सुधारल्याचं आणि उन्हाळ्यात आजारी पडल्याचं वाटलं असतं. तापमानाचा हिशेब बाजूला काढल्यावर मात्र केलेली इजा नोंदींमध्ये स्वच्छ दिसू लागली. ही मोजणी कंपनांची होती, पण धडा स्ट्रेनलाही जसाच्या तसा लागू आहे.

संख्याशास्त्राचं काम इथे सुरू होतं, आणि ते वाटतं तितकं गूढ नाही. वर्षभराच्या नोंदींवरून आधी शिकायचं की इतकं तापमान, अशी वाहतूक असताना या गेजवर साधारण किती आकडा येतो. रोजच्या मोजणीतून हा अपेक्षित आकडा वजा करायचा आणि उरलेला फरक पाहायचा. पूल ठीक असेल तर तो शून्याच्या आसपास घोटाळतो; एका दिशेला सरकू लागला तर काहीतरी बदललं आहे. यात एक गंमत आहे. तापमान हा केवळ अडथळा राहत नाही, ती फुकटात रोज होणारी चाचणी ठरते. गंजून बेअरिंग जाम झालं की गर्डरला सरकायला वाव राहत नाही, आणि प्रत्येक अंशामागे ताण पूर्वीपेक्षा जास्त चढू लागतो. एकेकटा आकडा नेहमीच्या मर्यादेतच असतो, बदलतो तो तापमान आणि स्ट्रेन यांच्यातला उतार. घरातल्या म्हातारीला जिन्यावरच्या पावलांवरून कोण आलं ते कळतं आणि आज कोणाचं तरी पाऊल अडखळतंय हेही कळतं, ते तिने ती पावलं हजार वेळा ऐकलेली असतात म्हणून.

अनेक गेजचे आकडे एकत्र वाचायला वापरलं जाणारं एक मुख्य हत्यार भारतीय आहे. प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९३६ च्या निबंधात मांडलेलं ‘अंतर’ मुळात माणसांच्या शरीरमापांच्या अभ्यासातून आलं. पुलावर ते असं चालतं. समजा शेजारशेजारच्या दोन गर्डरवर एकेक गेज आहे. ट्रक आला की दोन्हींचे आकडे बरोबर चढतात: ४० ला ४२, ५५ ला ५८. एके दिवशी पहिल्यावर ३५ आणि दुसऱ्यावर ६० येतात. ३५ यापूर्वी आलेला आहे, ६० ही आलेला आहे. सुटे पाहिले तर दोन्ही निर्दोष. पण ही जोडी कधीच आलेली नाही. पहिला गर्डर कमजोर झाला तर तो ओझं टाळतो आणि शेजाऱ्याच्या अंगावर ढकलतो, त्याची हीच खूण. महालनोबिसांचं अंतर प्रत्येक आकड्याऐवजी आकड्यांच्या आपसातल्या नात्यापासून आजची नोंद किती लांब पडली ते सांगतं. शरीरमापांसाठी मांडलेली कल्पना पोलादाच्या तपासणीत कामाला यावी, यात गणिताच्या चाहत्याला आनंद वाटावा असं बरंच आहे.

यावर पहिला आक्षेप खोट्या इशाऱ्यांचा, आणि तो वजनदार आहे. नेहमीच्या चढउताराच्या तिपटीबाहेर आकडा गेला की इशारा द्यायचा, असा नियम कारखान्यांत प्रचलित आहे. सगळं सुरळीत असतानाही, निव्वळ योगायोगाने, ०.२७ टक्के नोंदी या मर्यादेबाहेर पडतात. शंभर सेन्सर दर दहा मिनिटांनी नोंद देत असतील तर दिवसाला १४,४०० नोंदी होतात आणि त्यांतून सुमारे ३९ खोटे इशारे. दोन आठवड्यांत कर्मचारी भोंगा बंद करून ठेवेल, आणि त्याला दोष देता येणार नाही. मर्यादा सैल केली तर खरी इजा सुटण्याची भीती. आणखी एक हिशेब करून पाहू. समजा हजार पुलांपैकी दहा खरोखर दुखावलेले आहेत. यंत्रणा त्यांतले नऊ पकडते आणि धडधाकट पुलांपैकी पाच टक्क्यांवर चुकून बोट ठेवते. म्हणजे नऊ खरे इशारे, सुमारे पन्नास खोटे. सहा-सात इशाऱ्यांमागे एक खरा. हे वाचून यंत्रणाच नको असं म्हणणारे भेटतात. माझं वाचन वेगळं आहे: हजार पुलांऐवजी साठ पुलांवर माणूस पाठवायचा आणि त्यात दहापैकी नऊ दुखणी सापडायची, हा सौदा उत्तम आहे. फक्त इशारा म्हणजे निदान नव्हे हे कागदावर लिहून ठेवलेलं हवं. इशारा म्हणजे तपासनिसाला कुठे पाठवायचं त्याचा पत्ता.

‘मग सरळ तपासनीसच पाठवा, सेन्सर कशाला?’ हा दुसरा आक्षेप. नजरेची तपासणी हवीच, पण नजरेवर किती भरवसा ठेवायचा याचा पुरावाही पाहावा. अमेरिकेत मेम्फिसजवळ मिसिसिपीवरच्या महामार्ग पुलाच्या मुख्य तुळईतली भेग ११ मे २०२१ रोजी सापडली, पूल ताबडतोब बंद झाला. नंतर जुने चित्रीकरण तपासलं तर २०१९ च्या ड्रोनच्या फितीत तीच भेग होती. आपल्याकडे मार्च २०१९ मध्ये मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसजवळचा पादचारी पूल पडला, त्याआधीच्या स्ट्रक्चरल ऑडिटने तो किरकोळ दुरुस्ती करून वापरण्याजोगा ठरवला होता. तपासणी ठरलेल्या दिवशी होते आणि तपासनीस ठरलेल्या जागाच पाहतो. दोन तपासण्यांमधल्या महिन्यांत पुलाचं काय चाललं आहे ते कळायला सेन्सरशिवाय दुसरा मार्ग नाही.

तिसरा आक्षेप मला सगळ्यात कठीण वाटतो. आपले कितीतरी पूल पन्नास-साठ वर्षांचे आहेत. त्यांच्या तरुणपणीच्या नोंदी कुठून आणायच्या? आज सेन्सर लावला तर आजची, कदाचित दुखावलेलीच, अवस्था ‘निरोगी’ म्हणून नोंदली जाईल. हे मान्यच करावं लागतं: अशा पुलाबाबत संख्याशास्त्र फक्त आजपासूनची घसरण सांगेल, आधीची नाही. पण वाटा अगदीच बंद नाहीत. एकाच पुलाचे सारखे गाळे एकमेकांशी ताडून पाहता येतात. आठांपैकी एकच वेगळा वागत असेल तर त्याच्यावर संशय घ्यायला जुनी नोंद लागत नाही. माहीत वजनाचे ट्रक उभे करून लोड टेस्ट करता येते, तिच्यासाठी इंडियन रोड्स काँग्रेसची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, आणि आलेला स्ट्रेन आराखड्यावरून काढलेल्या स्ट्रेनशी पडताळता येतो. कृत्रिम बुद्धिमत्तेने हे सगळं सुटेल अशी आशा काहींना आहे. तिला शिकवायला दुखावलेल्या पुलांच्या भरपूर नोंदी लागतील, आणि शिकवण्यासाठी कोणी पूल मोडत नाही. झेड-२४ सारखे अपवाद हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत. त्यामुळे यंत्रालाही निरोगी अवस्थाच शिकावी लागते, म्हणजे पुन्हा त्याच वर्षभराच्या नोंदी.

काही ठिकाणी यातलं काहीच उपयोगी पडत नाही, तेही सांगायला हवं. अमेरिकेतला सिल्व्हर ब्रिज १५ डिसेंबर १९६७ ला पडला आणि ४६ जण मेले. कारण होतं साखळीच्या एका दांड्याच्या भोकात आतल्या बाजूला दडलेली जेमतेम अडीच मिलिमीटर खोल भेग. एका जोडात दोनच दांडे, एक तुटला की सगळा पूल खाली. एवढ्याशा भेगेने शेजारच्या गेजवर काहीच उमटलं नसतं. कोकणातला सावित्री नदीवरचा पूल पुराच्या पाण्याने नेला. अशा वेळी गर्डरवरचा स्ट्रेन पाहत बसण्यापेक्षा पाण्याची पातळी आणि खांबाच्या पायाशी झालेली धूप मोजणं जास्त गरजेचं, आणि धोक्याच्या पातळीला फाटक लावणारा माणूस त्याहून गरजेचा. म्हणून सरसकट सगळ्या पुलांवर सेन्सर ही घोषणाच मला पटत नाही. मोडण्याआधी ओझं इतर भागांवर वाटून देणारे, हळूहळू कुरकुरत म्हातारे होणारे पूल या पद्धतीचे खरे गिऱ्हाईक आहेत.

त्यांच्यासाठीही निविदा कशी निघते त्यावर सगळं अवलंबून आहे. सेन्सरची संख्या, त्यांचा दर्जा, भिंतीवरचा मोठा पडदा, एवढंच तिच्यात असेल तर कंत्राटदार तेवढंच देईल. गेज पाच-दहा वर्षांत मरतात आणि पूल शंभर वर्षांसाठी बांधतात. मेलेला गेज बदलला की त्याची जुनी नोंद नव्याशी कशी जोडायची, हे पहिल्या दिवशी ठरवावं लागतं. नव्या पुलाची उद्घाटनाआधीची लोड टेस्ट ही त्याच्या आयुष्यातली सगळ्यात स्वच्छ नोंद. तिचे कच्चे आकडे, केवळ ‘चाचणी समाधानकारक’ या शेऱ्याचा अहवाल नव्हे, पुलाच्या मालकाच्या ताब्यात राहतील आणि कंत्राट संपल्यावर कंपनीबरोबर जाणार नाहीत अशी अट हवी. कोणत्या मर्यादेला वाहतूक एका लेनवर आणायची, कोणत्या मर्यादेला पूल बंद करायचा आणि रात्री दोन वाजता तो निर्णय घेण्याचा अधिकार कोणत्या हुद्द्याच्या अधिकाऱ्याला आहे, हेही त्याच कागदात असायला हवं. तो अधिकारी खोट्या इशाऱ्यावर पूल बंद करील तेव्हा सकाळी त्याची बदली होणार नाही, याची हमी कोणत्या कलमात घालायची ते मात्र मला माहीत नाही.